हेवीवेट बॉक्सिंगमध्ये बेल्ट एकाकडे आणि ‘खरा चॅम्पियन’ दुसराच, असं कसं होतं?

तुमचा प्रश्न असा: २०२२ ला साताऱ्याच्या शाहू स्टेडियममध्ये पृथ्वीराज पाटीलच्या खांद्यावर महाराष्ट्र केसरीची गदा आली आणि विषय मिटला. मग बॉक्सिंगच्या हेवीवेट गटात चार संघटनांचे चार बेल्ट असताना लोक ‘लिनियल’, म्हणजे एकाला हरवून दुसऱ्याकडं आलेल्या परंपरेचा, ‘चॅम्पियन’ म्हणून भलत्याच माणसाचं नाव का घेतात? आणि ही परंपरा जॉन एल. सुलिव्हनपासून आजवर खरोखर सलग आहे का?

सलग नाही. पाच-सहा ठिकाणी तरी तुटलेली आहे. त्यातही गंमत अशी की ज्यांनी शहाणपणानं वेळेवर खेळ सोडला त्यांनीच ती तोडली, आणि ज्यांना थांबता आलं नाही त्यांनी मार खाऊन ती परत जोडून दिली. हे माझं मत आहे, पण तारखा बघितल्यात तर तुम्हालाही पटेल.

आधी नियम. तो एका ओळीचा आहे: चॅम्पियनला जो हरवेल तो चॅम्पियन. हा मान कुठली संघटना देत नाही, त्यामुळे कुठली संघटना काढूनही घेऊ शकत नाही. आपली केसरीची गदा वेगळी. ती दरवर्षीच्या स्पर्धेची आहे. पुढचा केसरी व्हायला मागच्या केसरीला पाडावंच लागतं असं नाही, तो उतरलाच नाही तरी गदा कुणाला तरी मिळतेच. बॉक्सिंगचं जुनं विजेतेपद म्हणजे जत्रेच्या मैदानात चक्कर मारून जोड मागणारा पैलवान. तो उभा आहे तोवर मान त्याचा, पाठ लागली की पाडणाऱ्याचा.

सुरुवात सुलिव्हनपासून धरतात. उघड्या मुठींच्या जमान्यातला हा शेवटचा मोठा मल्ल. १८८९ मध्ये जेक किलरेनशी मिसिसिपीत उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढला. मग ७ सप्टेंबर १८९२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ग्लोव्हज घालून जिम कॉर्बेटसमोर उभा राहिला आणि २१व्या फेरीत आडवा झाला. कॉर्बेटला १८९७ मध्ये बॉब फिट्झसिमन्सनं पोटात ठोसा मारून बसवलं, फिट्झसिमन्सला १८९९ मध्ये जेम्स जेफ्रीजनं. इथवर सगळं सरळ आहे.

जेफ्रीजनं १९०५ मध्ये न हरता निवृत्ती घेतली आणि पहिली फट पडली. आता चॅम्पियन कोण? मार्व्हिन हार्ट आणि जॅक रूट यांची लढत नेवाडातल्या रेनो गावात ठरली आणि तिला पंच म्हणून खुद्द जेफ्रीजच उभा राहिला. म्हणजे जाणाऱ्यानं आपल्या हातानं वारस नेमल्यासारखं. हार्ट जिंकला, पुढच्या वर्षी टॉमी बर्न्सकडून हरला, आणि बर्न्सच्या मागं जगभर फिरत जॅक जॉन्सननं २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत त्याला गाठलं. १४व्या फेरीत पोलिसांनीच लढत थांबवली. पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन झाला, पण गोऱ्या अमेरिकेनं ते मानायचं नाकारलं, कारण ‘खरा चॅम्पियन न हरता घरी बसलाय.’ मग त्या घरी बसलेल्याला उठवलं. सहा वर्षं ग्लोव्हजला हात न लावलेला, अंगानं सुटलेला जेफ्रीज वजन उतरवून ४ जुलै १९१० ला परत त्याच रेनोत रिंगमध्ये आला. जॉन्सननं त्याला १५व्या फेरीपर्यंत खेळवलं आणि संपवलं. त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली झाल्या, माणसं मेली. पण परंपरेच्या हिशेबात १९०५ ची फट त्या दिवशी बुजली.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ही परंपरा ज्यांना लढत मिळाली त्यांचीच आहे. सुलिव्हन कृष्णवर्णीयांशी लढायलाच तयार नव्हता. पीटर जॅक्सननं १८९१ मध्ये कॉर्बेटला ६१ फेऱ्या बरोबरीत झुंजवलं, पण विजेतेपदाची संधी त्याला कधी मिळाली नाही. खुद्द जॉन्सनसुद्धा चॅम्पियन झाल्यावर सॅम लँगफर्ड या दुसऱ्या कृष्णवर्णीय बॉक्सरशी लढला नाही, आणि पुढचा गोरा चॅम्पियन जॅक डेम्प्सी आणि कृष्णवर्णीय हॅरी विल्स यांची लढत झालीच नाही. १९१५ मध्ये हवानात जेस विलार्डनं जॉन्सनला २६व्या फेरीत पाडलं, त्यानंतर थेट १९३७ पर्यंत एकाही कृष्णवर्णीय माणसाला हेवीवेट विजेतेपदासाठी लढू दिलं नाही. त्यामुळे ‘अखंड परंपरा’ वगैरे कुणी छाती फुगवून सांगायला लागलं की मी आधी लँगफर्डचं नाव काढतो.

विलार्डकडून डेम्प्सी, डेम्प्सीकडून १९२६ मध्ये जीन टनी. टनी १९२८ मध्ये शेवटची लढत जिंकून निघून गेला आणि परत आला नाही. दुसरी फट. १९३० मध्ये मॅक्स श्मेलिंग आणि जॅक शार्की यांना समोरासमोर आणलं. चौथ्या फेरीत शार्कीचा ठोसा कमरेखाली बसला, श्मेलिंग खाली पडला आणि त्याच अवस्थेत विजयी ठरला. हेवीवेटचं विजेतेपद फाउलवर जिंकणारा तो एकटाच. आपल्याकडच्या मैदानात असं झालं असतं तर प्रेक्षक पंचाला बाहेर जाऊ देते का सांगा! पण टनी परत न आल्यानं हा सांधा तसाच कच्चा राहिला. पुढं शार्की, कार्नेरा, बेअर, ब्रॅडॉक आणि १९३७ मध्ये जो लुई.

लुईनं २५ वेळा विजेतेपद राखलं आणि १९४९ मध्ये थांबला. त्याच्या जागी एझर्ड चार्ल्स आला, पण लोकांच्या मनात लुईच. मग सरकारचा थकलेला कर भरायला पैसे हवेत म्हणून ३६ वर्षांचा लुई सप्टेंबर १९५० मध्ये चार्ल्ससमोर आला, १५ फेऱ्या मार खाल्ला आणि गुणांवर हरला. चार्ल्सच्या विजेतेपदावर शिक्का बसला तो तेव्हा. जेफ्रीजचीच कथा, फक्त कारण वेगळं.

याच्या उलट रॉकी मार्सियानो. ४९ लढती, ४९ विजय, आणि १९५६ मध्ये रामराम. हा कायमचा गेला. फ्लॉइड पॅटरसननं आर्ची मूरला हरवून रिकामी गादी घेतली, पण मार्सियानोला कुणी पाडलंच नाही, त्यामुळे ती फट आजही उघडी आहे. १९६९ मध्ये तो मोहम्मद अलीबरोबर एका कॉम्प्युटरनं ठरवलेल्या खोट्या लढतीचं चित्रीकरण करायला उभा राहिला होता तेवढंच. ती धरत नाहीत.

अलीची बाब निराळी. त्यानं १९६४ मध्ये तेव्हाच्या चॅम्पियन लिस्टनला हरवून विजेतेपद घेतलं आणि १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धाची भरती नाकारली म्हणून ते कार्यालयात बसलेल्या माणसांनी काढून घेतलं. लढत न होताच. नियम एका ओळीचा आहे म्हटलं ना, तो इथं कामाला येतो: ज्याला रिंगमध्ये कुणी हरवलं नाही तो चॅम्पियनच. जो फ्रेझरनं मधल्या काळात सगळे बेल्ट गोळा केले, पण ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १५व्या फेरीत डाव्या हुकनं अलीला खाली बसवून गुणांवर जिंकला, तेव्हा कुठं वाद संपला. फ्रेझरकडून फोरमन, १९७४ मध्ये किन्शासात फोरमनकडून परत अली.

१९७८ मध्ये अली आपली जेमतेम आठवी व्यावसायिक लढत खेळणाऱ्या लिऑन स्पिंक्सकडून हरला. स्पिंक्सनं केन नॉर्टनऐवजी अलीशीच परत लढायचं ठरवलं म्हणून डब्ल्यूबीसी या संघटनेनं त्याचा बेल्ट काढून नॉर्टनला घरपोच दिला. नॉर्टनकडून तो लॅरी होम्सनं जिंकला. तिकडं अलीनं स्पिंक्सला हरवून निवृत्ती घेतली. परत तोच पेच, आणि तो सुटला तोही तसाच. २ ऑक्टोबर १९८० ला लास व्हेगासमध्ये ३८ वर्षांचा अली होम्ससमोर आला. होम्स हा एके काळी अलीचाच सरावातला जोडीदार. दहा फेऱ्या तो अलीला मारत होता आणि अधूनमधून पंचाकडं बघत होता, थांबवा म्हणून. शेवटी अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं लढत थांबवली. अलीचा दुसरा माणूस ‘अजून एक फेरी’ म्हणून त्याच्याशी झोंबत होता, डंडीनं ऐकलं नाही. नंतर होम्स रडला. त्या रात्री तो परंपरेच्या हिशेबातही चॅम्पियन झाला होता.

बेल्ट आणि परंपरा यातला फरक एकाच उदाहरणात बघायचा असेल तर पुढचं वाचा. होम्स ४८ लढती न हरलेला, एक जिंकला की मार्सियानोची बरोबरी. १९८५ मध्ये त्याला हलक्या गटातून वर आलेल्या मायकल स्पिंक्सनं, म्हणजे लिऑनच्या भावानं, गुणांवर हरवलं. पुढं आयबीएफ या दुसऱ्या संघटनेनं सांगितलेल्या माणसाशी न लढता स्पिंक्सनं जास्त पैशाची गेरी कूनीची लढत घेतली, त्याचा बेल्ट गेला. माइक टायसननं १९८७ पर्यंत तेव्हाचे तिन्ही बेल्ट जमवले. म्हणजे टायसनकडं सगळं चामडं-सोनं, आणि स्पिंक्सच्या कमरेला काहीच नाही, तरी ‘चॅम्पियनला हरवलेला’ माणूस तोच. २७ जून १९८८ ला दोघं अटलांटिक सिटीत भिडले. ९१ सेकंदात निकाल. टायसन सर्वोत्तम आहे हे आधीच सगळ्यांना माहीत होतं, पण ते ९१ सेकंद झाल्याशिवाय हिशेब पुरा होत नव्हता.

म्हणून मला विचाराल तर ही परंपरा सर्वांत भारी कोण हे सांगतच नाही. कुणाला हरवायचं राहिलंय एवढंच सांगते. कधीकधी ती अगदी चुकीच्या माणसापाशी जाऊन बसते. टायसनकडून १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनं घेतली. आठव्या फेरीत डग्लस पडला तेव्हा पंचानं सावकाश अंक मोजले अशी तक्रार झाली, आणि डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी या संघटनांनी काही दिवस त्याला चॅम्पियन मानायला टाळाटाळ केली. दहाव्या फेरीत टायसन जमिनीवर दातांचं कवच चाचपडत होता हे जगानं बघितलं होतं, तरीही. डग्लसनंतर होलीफिल्ड, बो, परत होलीफिल्ड, मग मायकल मूरर.

आणि मूररसमोर १९९४ मध्ये ४५ वर्षांचा जॉर्ज फोरमन! वीस वर्षांपूर्वी किन्शासात घातलेली तीच लाल चड्डी घालून. त्याच्या कोपऱ्यात बसला होता अँजेलो डंडी, जो किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ फेऱ्या फोरमन गुणांवर मागं, डावा हात पुढं टाकत नुसता चालत राहिला. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा ठोसा आणि मूरर पाठीवर. फोरमन कोपऱ्यात जाऊन गुडघ्यावर बसला. नंतर दोन्ही बेल्ट हातचे गेले, तरी त्याला हरवलेलं कुणी नव्हतं. १९९७ मध्ये शॅनन ब्रिग्जला पंचांनी त्याच्यावर विजयी ठरवलं तेव्हा बघणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. चार महिने ब्रिग्ज चॅम्पियन, कुठल्याही मोठ्या बेल्टशिवाय! मार्च १९९८ मध्ये लेनॉक्स लुईसनं त्याला पाचव्या फेरीत संपवलं.

लुईस २००१ मध्ये रहमानकडून हरला, त्याच वर्षी परत जिंकला आणि २००४ मध्ये थांबला. हाही परत आला नाही. पुढची फट सर्वांत वाईट, कारण तेव्हाचे दोन सर्वांत मोठे मल्ल सख्खे भाऊ होते, विताली आणि व्लादिमिर क्लिच्को, आणि एकमेकांशी लढणार नाही असा शब्द त्यांनी आईला दिला होता. आईपुढं कुठली संघटना काय करणार? मी २० जून २००९ पासून मोजतो, व्लादिमिरनं चागायेवला हरवलं तेव्हापासून. काही जण त्याहूनही नंतरची लढत धरतात. त्यांच्याशी मी भांडत नाही, कारण सांधा कच्चाच आहे.

तिथून रस्ता सोपा आहे. २०१५ मध्ये डसेलडॉर्फला टायसन फ्युरीनं व्लादिमिरला हरवलं. मग फ्युरीचे बेल्ट गेले, वजन वाढलं, तीन-तीनदा निवृत्ती झाली, पण हरवलं कुणी नाही. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिकनं ते केलं, दोन पंच त्याच्या बाजूनं, एक विरुद्ध. डिसेंबरात परत हरवलं. जुलै २०२५ मध्ये वेम्बलीत डुबॉइसलाही पाचव्या फेरीत पाडलं.

राहता राहिला बेल्टचा प्रश्न. चारही संघटना लढतीच्या मानधनातून आपला वाटा घेतात, त्यामुळे लढत न होऊ देता बेल्ट काढून दुसऱ्याला देणं त्यांना परवडतं. आपण हसायचं कारण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे, असे एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. आमच्या सांगलीत तेव्हा तालमीतून एकच प्रश्न ऐकू येत होता: या दोघांची जोड परत एकदा लावा की!