कुलूप दिसलं म्हणून साइट खरी?

पंचवटीहून एक काकू: 2027 च्या सिंहस्थाला माहेरची मंडळी येणार, त्यांच्यासाठी रूम बघतेय. गूगलवर सगळ्यात वर आलेल्या साइटला कुलपाचं चिन्ह पण आहे. ॲडव्हान्स भरू का?

थांबा काकू. सगळ्यात वर असतं ते बऱ्याचदा पैसे देऊन वर आणलेलं असतं, बाजूला बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं पण ते वाचतंय कोण. आणि कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही टाइप केलेलं मधल्यामध्ये कोणी वाचत नाही, समोर चोर बसलाय की साव हे ते सांगत नाही, त्या कुलपामागचं सर्टिफिकेट चोरालाही फुकटात मिळतं. बघायचा तो पत्ता, आणि तोही उलटा. सुरुवातीला 'https://' दिसत असेल तर ते सोडा, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या अन् मागून वाचत या. शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर सरकारी. पण 'नाशिक डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असेल तर मालक अमुकतमुकवाला, त्याच्या आधीचं सगळं नुसती पाटी, अन् 'शासनमान्य'ची पाटी तर रविवार कारंजावर कोणीही लावेल. तसंही तुम्ही पंचवटीतच राहता, संध्याकाळी पाय मोकळे करायला निघा आणि खोली बघूनच या की!

सिडकोतून: व्हॉट्सॲपवर ई-चलानची फाइल आली, शेवटी 'एपीके' होतं, मुलाने इन्स्टॉल केली.

आधी तो फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं ब्लॉक करा. 'एपीके' म्हणजे चलान नाही, फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, आणि असली ॲप्स मेसेज वाचतात, म्हणजे तुमचा ओटीपी तुमच्या आधी त्यांना. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, उद्या सकाळी बघू असं नको. चलान खरंच आहे का ते सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून कळतं, ते ॲप बनून घरी येत नाही.

ओझरहून: बँकेच्या साइटचा पत्ता बदलून 'डॉट बँक डॉट इन' झालाय, फ्रॉड आहे का?

उलट चांगलं आहे. रिझर्व्ह बँकेनेच सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत हे करायला लावलं, हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

लासलगावहून: फोनवर दिवसभर 'तुमच्या फोनमध्ये 5 व्हायरस' असं येतंय.

व्हायरस नाही दादा, कुठल्यातरी साइटने नोटिफिकेशन विचारलं आणि तुम्ही घाईत 'अलाऊ' दाबलंत. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, तिथे नोटिफिकेशन, अनोळखी नावं दिसतील ती उडवा. मी पण एकदा मॅचचा स्कोअर बघताना हेच करून बसलो होतो, घरी सांगितलं नाही.