इंटर्नशिप मिळाली, पण मला तर काहीच येत नाही!

शेवटच्या सेमिस्टरला आयटी कंपनीत इंटर्नशिपला गेलेली मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पहिले दोन आठवडे ओळखपत्र, लॅपटॉप, पासवर्ड आणि नाना परवानग्या मिळवण्यातच जातात. तोवर कुणी काही विचारत नाही. मग एक दिवस पहिलं तिकीट, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं एखादं छोटं काम, नावावर पडतं आणि कोड उघडल्यावर पोटात गोळा येतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमधला सगळा कोड आपण आणि आपल्या मित्रांनीच लिहिलेला असतो. इथे हजारो फाइली, वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या, आणि लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण कधीच नोकरी सोडून गेलेले. मग थोड्याफार फरकाने सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : ‘मॅडम, मला काहीच येत नाही. हे त्यांच्या लक्षात आलं तर मला काढतील का?’

ओंकारही हाच प्रश्न घेऊन आला. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मूळचा बार्शीकडचा. दहावीनंतर डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. हिंजवडीतल्या एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप, पंधरा हजार स्टायपेंड, त्यातले साडेआठ हजार वाकडच्या पीजीला. वडील एसटीत कंडक्टर. ‘पप्पा डेपोत सगळ्यांना सांगतात, पोरगं हिंजवडीला लागलं. मी लागलेलो नाहीये मॅडम. सहा महिन्यांनी ठेवतील की नाही तेही माहीत नाही.’

झोप नीट लागत नव्हती. सकाळच्या स्टँडअपच्या आधी छातीत धडधडायचं. स्टँडअप म्हणजे टीमची रोजची पंधरा मिनिटांची बैठक : काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. ‘तू काय सांगतोस?’ मी विचारलं. ‘वर्किंग ऑन इट, नो ब्लॉकर्स.’ अडचण काही नाही, असं हा मुलगा रोज सगळ्यांसमोर सांगत होता आणि चार दिवस एकाच जागी अडून बसला होता. सीनियरला विचारायचं नाही, कारण मग कळेल. रात्री पीजीवर चॅटजीपीटीला विचारायचं, तेही चाचपडत, कारण कंपनीचा कोड बाहेर कुठे टाकायचा नाही या अटीवर सही केलेली. मग उत्तरं यायची ती ढोबळ. त्याच्या कंपनीच्या सिस्टिममध्ये कुठे काय आहे ते चॅटजीपीटीला कुठून कळणार?

अशा वेळी मुलं हल्ली इंटरनेटवर वाचून स्वतःच निदान करून येतात : ‘मला इम्पोस्टर सिंड्रोम आहे.’ ही कल्पना पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मांडली. मुळात तिला त्यांनी आजार म्हटलंच नव्हतं. ज्यांना त्या भेटल्या त्या स्त्रिया शिक्षणात, व्यवसायात खरोखर यशस्वी होत्या आणि तरीही आपण लोकांना फसवतोय असं त्यांना वाटत होतं. ओंकारची गोष्ट वेगळी. त्याला ते काम खरंच येत नव्हतं. ‘तुला सगळं येतं रे, तुला उगाच तसं वाटतंय’ असं मी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्यावर त्यालाही ते कळलं असतं. न येणं हा त्याचा दोष नव्हता. शिकायलाच तर पाठवलं होतं त्याला. त्रास होता तो न येणं लपवण्याचा. दिवसातली निम्मी ताकद त्यातच चालली होती.

मी त्याला म्हटलं, अडलंय काय ते मला सांग. मला कोडिंग येत नाही, तेव्हा आईला सांगशील तसं सांग. कोड दाखवायचा नव्हता म्हणून त्याने कोऱ्या कागदावर चौकोन काढले. चोवीस तास चालणाऱ्या औषध दुकानांच्या बिलांचं सॉफ्टवेअर. तक्रार अशी की रिपोर्टमध्ये काही बिलांवर एक दिवस आधीची तारीख दिसते. सगळ्यांवर नाही, काहींवरच. ओंकारने दोनेकशे बिलं एक्सेलमध्ये लावून पाहिली होती. चुकलेली सगळी बिलं मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातली निघाली. ‘पण असं का होतं ते मला शोधता येत नाहीये. म्हणजे मला काहीच येत नाही.’

मी कागद त्याच्याकडे सरकवला. ‘हे बारा ते साडेपाच तू कुणाला सांगितलंस?’

‘नाही. कारणच सापडलं नाही तर काय सांगू?’

परीक्षेची सवय इथे आडवी येते. पेपरात अर्धवट उत्तर लिहायची लाज वाटते, वर्गात प्रश्न विचारला की मागच्या बाकावर हशा होतो, आणि तोंडी परीक्षेत ‘माहीत नाही’ म्हटलं की मार्क जातात. चार वर्षं हेच अंगात मुरलेलं. ऑफिसात मात्र इंटर्न चार दिवस गप्प बसला तर टीमचे चार दिवस जातात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत इच्छा आणि हट्ट यांत फरक करतात. ‘मला हे यावं’ ही इच्छा माणसाला कामाला लावते. ‘मला हे आलंच पाहिजे, नाहीतर मी बिनकामाचा’ हा हट्ट त्याला जागच्या जागी खिळवतो. ओंकारच्या बाबतीत हा हट्ट कसा बोलतो ते आम्ही त्याच्याच वाक्यांतून शोधलं. त्यात एक अख्खी भेट गेली.

मग विचारायची पद्धत ठरवली. आधी अर्धा तास स्वतः प्रयत्न. नाही जमलं तर तीन ओळी लिहायच्या : काय करायचंय, काय करून पाहिलं, नेमकं कुठे अडलं. त्या सीनियरला चॅटवर पाठवायच्या आणि दहा मिनिटं मागायची. स्टँडअपची वाक्यं त्याने माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिली, आधी मराठीत, मग इंग्रजीत. इंग्रजीत बोलायचं म्हटलं की तो वाक्य मनात पूर्ण जुळवत बसायचा आणि तोवर पाळी निघून जायची. म्हणून लिहिलेलं वाचून दाखवायला काहीच हरकत नाही, असं ठरवलं. त्याला ते कमीपणाचं वाटलं. माझ्या मते अजिबात नाही.

सीनियरने कारण सांगितलं ते असं : सर्व्हर वेळ साठवतो ती यूटीसीत, म्हणजे जगभर आधार धरतात त्या वेळेत, आणि भारताची प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे. इथे सोमवारची मध्यरात्र उलटून मंगळवारचा एक वाजतो तेव्हा यूटीसीप्रमाणे सोमवारची संध्याकाळ, साडेसात. रिपोर्ट काढताना वेळ बदलून घ्यायची कुणीतरी विसरलं होतं. वर सीनियर म्हणाले, ‘बारा ते साडेपाच तू शोधलंस ना? मग हे सोमवारीच का नाही बोललास?’ ओंकारला ते रागावणं वाटलं. मी त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यातला पहिला अर्धा भाग त्याने ऐकलाच नव्हता.

त्याने दुरुस्त केलेल्या कोडवर मग तपासणीत एकोणीस शेरे आले आणि स्वारी पुन्हा खचली. मी म्हटलं, वर्गवारी कर. बहुतेक शेरे व्हेरिएबलची नावं, मोकळ्या जागा, टेस्ट लिहिली नाही, असे निघाले. खरी चूक एकच होती. इंग्रजी मीटिंगची धास्ती अजून आहे, त्यावर आमचं काम चालू आहे.

झोप, भूक आणि जगण्याविषयीचे विचार हे मी प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारते. ओंकारच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं काही नव्हतं. तुमच्या मनात तसं येत असेल तर इंटर्नशिप, क्रेडिट, कॉलेज सगळं बाजूला ठेवा आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा. तो चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो.

मध्यंतरी ओंकारच्या संमतीने त्याच्या वडिलांशी बोलणं झालं. त्यांचा प्रश्न : ‘ठेवून घेतील ना त्याला?’ मी सांगितलं, ते त्याच्या एकट्याच्या हातात नाही. त्या वर्षी जागा आहेत का, हातात प्रोजेक्ट आहे का, यावरही ते ठरतं. चांगलं काम करणारी मुलंही नुसतं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘मग आतापासूनच दुसरीकडे बघायला सांगतो.’ ओंकारने कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडे नाव पुन्हा नोंदवलं आणि सीनियरला तसं सांगितलंही. शिफारसपत्र देईन, असं ते म्हणाले आहेत.