जुईला पानंच पानं, फूल एकही नाही. वेल काढून मधुमालती लावू का?

नका हो काढू! तीन वर्षांची जुई म्हणजे आत्ता कुठे खोड धरलेला वेल. तुम्ही लिहिलंय, ती मागच्या भिंतीवरून गच्चीपर्यंत गेलीय, हिरवीगार आहे आणि आजवर एकदाही छाटलेली नाही. मला वाटतं, दुखणं तिथंच आहे.

जुईला कळ्या धरतात त्या नव्या फुटीवर. छाटणी नसली की वेल नुसता लांबत जातो, खाली जुन्या काड्यांचा गुंता होतो. आमच्या साताऱ्याच्या घरी मीही चार वर्षं कात्री लावली नव्हती, जीवच होत नव्हता. पाचव्या वर्षी जानेवारीत भिंतीला रंग द्यायचा होता म्हणून सासूबाईंनी वेल गुडघ्याएवढा ठेवून बाकी सगळा कापला. मी दोन दिवस त्या बाजूला फिरकले नाही. फेब्रुवारीत बुडापासून फुटवे आले आणि पहिल्या पावसानंतर रोज संध्याकाळी ओंजळभर कळ्या मिळू लागल्या. तमिळनाडूत गजऱ्यांसाठी जुईची शेती होते. तिथंही जानेवारीत झुडपं जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर छाटतात.

तेव्हा आता भर पावसाळ्यात कापू नका, जानेवारीपर्यंत थांबा. छाटणीआधी पंधरा दिवस पाणी कमी करा. मग वाळक्या, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या बुडातून काढा आणि जाड काड्या दीड-दोन फुटांवर कापा. बुडाची माती हलवून पाटीभर कुजलेलं शेणखत घाला. युरिया अजिबात नको, त्यानं पानंच माजतात. नवे फुटवे आले की शेंडे खुडत राहा, म्हणजे फांद्या वाढतील.

दुसरी गोष्ट उन्हाची. रोज पाच-सहा तास ऊन वेलावर पडायलाच हवं. तुमची मागची भिंत उत्तरेकडची असेल तर छाटणीनंतर नवे फुटवे तारेवरून उन्हाच्या बाजूला वळवा. सावलीतली जुई कितीही खत घातलं तरी फुलत नाही.

आणि एकदा पानं नीट बघा. जुईच्या मोठ्या पानाच्या देठाशी बहुतेक वेळा दोन इवलीशी पानं कानांसारखी चिकटलेली असतात. एका देठावर सात-नऊ पानं आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक असेल, तर नर्सरीवाल्यानं जाई दिलीय. तसं असलं तरी बिघडत नाही, जाईलाही हीच छाटणी चालते.

मधुमालती मलाही आवडते. तिन्हीसांजेला पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, आणि रात्रीचा वास गोड. पण ती आडदांड आहे, मुळांतून लांबवर फुटवे काढते. जुईच्या शेजारी लावलीत तर तिला झाकून टाकेल. फाटकाच्या कमानीवर, मोकळ्या जागेत लावा.

जुईच्या कळ्या मात्र पाच-साडेपाचला, मिटलेल्या असतानाच खुडा. ओल्या फडक्यात ठेवल्या की दिवेलागणीला घरातच उमलतात.