फोटोशॉप नसेल तर साध्या फोटोपासून अ‍ॅबस्ट्रॅक्ट आर्ट कसं बनवायचं?

फोटोशॉप लागतच नाही हो, गिंप (GIMP) हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. फोटो सुंदर नसला तरी चालेल, त्यात पोत पाहिजे, म्हणजे गंजलेला पत्रा, ओल धरलेली भिंत, मंडईतला मिरच्यांचा ढीग असलं काहीतरी. लेयर, म्हणजे फोटोचा थर, डुप्लिकेट करा, वरचा आडवा फ्लिप करा आणि मोड डिफरन्स ठेवा, मग दोन्ही लेयरच्या रंगांची वजाबाकी होते, जिथे सारखं तिथे काळं आणि जिथे फरक तिथे असे रंग निघतात की आपल्याला सुचलेच नसते. आता फ्लॅटन करून, म्हणजे दोन्ही लेयर एकत्र करून, फिल्टर्समधलं पोलर कोऑर्डिनेट्स लावा, सगळं चित्र गोल वळतं. नुसत्या फोटोवर हे लावलं तर डावी-उजवी कड जुळते तिथे जोड दिसतो, पण फ्लिपमुळे दोन्ही कडा सारख्या झाल्यात म्हणून इथे दिसत नाही, मला हे फार आवडतं!

रंग मात्र शेवटीच ठरवा. ग्रेडियंट मॅपमध्ये गडद भागाला एक, उजळ भागाला दुसरा रंग मिळतो, दोन-तीन रंग बास, जास्त घेतले की चित्र भडक होतं. आणि ग्रेडियंटमध्ये, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाताना, पट्टे दिसायला लागले तर पुढच्या वेळी सुरुवातीलाच इमेज मेनूतून प्रिसिजन (रंगछटांची बारकाई) १६ बिट करून घ्या.