दोन किलोमीटर सातशे मीटरांचा विमानप्रवास

प्रश्न : स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांवरील विमानतळांत केवळ २.७ किलोमीटर अंतर असून विमानाला दोन मिनिटे लागतात, असे वाचले. तेथील विमान ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने उडते. माझ्या आठवीतल्या नातीने भागाकार केला, तर उत्तर चाळीस सेकंद आले. तिचे काय चुकले?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आपल्या नातीचा भागाकार अचूक आहे, आणि तो तिने करून पाहिला याचा मला फार आनंद झाला. मात्र भागाकारासाठी घेतलेला वेग विमानाने उंची गाठल्यानंतरचा आहे, आणि या मार्गावर विमान त्या वेगाला स्थिरावण्यापूर्वीच उतरण्याची तयारी सुरू होते. साताऱ्याच्या स्टँडवरून सुटलेली एसटी महामार्गावर कितीही वेगाने धावत असली, तरी बॉम्बे रेस्टॉरंट चौकापर्यंतचा वेळ काढताना तो वेग धरून चालत नाही, तसेच हे आहे. धावपट्टीवर वेग घेणे, वर चढणे, समोरच्या धावपट्टीच्या रोखाने वळणे आणि वेग कमी करत उतरणे, यांतच बहुतेक वेळ जातो. शिवाय विमाने शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढतात आणि उतरतात. त्यामुळे वारा कुठून वाहतो यावर वळसा किती मोठा घ्यायचा हे ठरते. २.७ किलोमीटर हे सरळ रेषेतले अंतर आहे, विमानाने प्रत्यक्ष कापलेले नव्हे. सर्व काही अनुकूल असताना हे उड्डाण ५३ सेकंदांतही पूर्ण झाले आहे. म्हणजे तेव्हासुद्धा सरासरी वेग ताशी सुमारे १८३ किलोमीटरच पडला. दोन मिनिटे धरली, तर तो ८१ वर येतो.

अंतराची कल्पना यावी म्हणून सांगतो, मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच सुमारे ३.४ किलोमीटर, म्हणजे या संपूर्ण प्रवासापेक्षा लांब आहे. लोगनएअर कंपनीने १९६७ साली सुरू केलेली ही सेवा अनेकांना केवळ नवलाची वाटते, पण जेमतेम शंभरेक वस्तीच्या पापा वेस्ट्रेला ती शिक्षक, डॉक्टर आणि रुग्ण यांच्या ये-जा करण्यासाठी हवी असते. ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन इंजिनांचे छोटे विमान आखूड धावपट्टीवरही चढते-उतरते, म्हणून तेथे ते योग्य ठरले.

नातीला पुढचे उदाहरण आपल्याच देशातले द्यावे. कोची ते लक्षद्वीपमधील अगत्ती हे अंतर सुमारे ४६० किलोमीटर आहे. तेथे जाणाऱ्या एटीआर विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरला, तर पंचावन्न मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र साधारण दीड तास दिसतो. वेळापत्रकातील वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते, आणि जमिनीवरचे धावणेही तीत मोजलेले असते. ऑर्कनीची दोन मिनिटे मात्र प्रामुख्याने हवेतली आहेत. म्हणून दोन मार्गांची तुलना करण्यापूर्वी, वेळ नेमकी कुठपासून कुठपर्यंत मोजली आहे, हे तिला आधी पाहायला सांगावे.