मेंढ्यांच्या वाड्यात दिवे लावण्याआधी

भाऊ, हंगामाबाहेर मेंढ्या गाभण राहाव्यात म्हणून वाड्यात दिवे लावायचा विचार असेल, तर आधी हे पाहा. मेंढी दिवस लहान होऊ लागले की माजावर येते, म्हणजे गाभण राहायला तयार होते, कारण रात्र लांबली की तिच्या मेंदूतील ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक अधिक काळ स्रवते. मात्र आपल्या विदर्भात सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतच असतो, त्यामुळे गावरान मेंढ्यांवर ऋतूपेक्षा चाऱ्याचाच परिणाम जास्त दिसतो. त्यांच्यासाठी दिव्यांवर खर्च करण्यापेक्षा मेंढा सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तुरीच्या कुटारासोबत (भुशासोबत) थोडे धान्य द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्याकडे थंड प्रदेशातील जातीचे रक्त असेल, तर गोष्ट वेगळी. डिसेंबर-जानेवारीत सुमारे 60 दिवस सोळा तास उजेड आणि आठ तास पूर्ण अंधार ठेवून मग दिवे बंद करावेत, म्हणजे फेब्रुवारीचा नैसर्गिक दिवसही त्यांना लहान भासतो आणि सहा ते आठ आठवड्यांत माज दिसू लागतो. नरांनाही हाच उजेड द्यावा, कारण वीर्य तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. मेंढीच्या डोळ्यांच्या उंचीवर वर्तमानपत्र सहज वाचता येईल एवढा उजेड हवा. टायमर बसवा, पण भारनियमनाच्या वेळा पाहून इन्व्हर्टरही जोडा. माझ्याकडे पहिल्या वर्षी अंगणातल्या बल्बचा उजेड फटीतून रात्रभर आत येत होता, आणि माझे दोन महिने वाया गेले.

गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे कोकरे ऐन पावसाळ्यात येतील. तेव्हा कोरड्या, उंचवट्याच्या जागेची सोय आधीच करून ठेवा.