लोकसुनावणीला जाताना पुराच्या रेघेचे माप घेऊन जा

आपण विचारले आहे की गावाजवळचा महामार्ग चौपदरी होणार असून पर्यावरणविषयक लोकसुनावणीची नोटीस लागली आहे, तर तिथे जाऊन काही उपयोग होतो का आणि बोलायचे काय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अशा काही सुनावण्यांना मी पूर्ण वेळ बसलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. उपयोग होतो, पण मोजमाप घेऊन गेलेल्यालाच.

आधी एक गल्लत दूर करतो. जमीन जाण्याबद्दलची हरकत या सुनावणीत नोंदवून भागत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत ती लेखी स्वरूपात सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे बहुधा प्रांत कार्यालयात, द्यावी लागते. लोकसुनावणी होते ती १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली. दर एकराचा भाव इथे कितीही पोटतिडकीने मांडला तरी त्यावर निर्णय देण्याचा अधिकार व्यासपीठावरच्या कोणालाच नसतो, आणि दुपारचा निम्मा वेळ त्यातच निघून जातो, हे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे.

आता मुख्य मुद्दा. मूल्यांकन अहवालासाठी हवा, पाणी, आवाज यांची मूळ स्थिती साधारणपणे एकाच ऋतूत मोजली जाते आणि तो ऋतू पावसाळा सोडूनचा असतो. कोल्हापूरच्या रस्त्याची खरी परीक्षा मात्र जुलै-ऑगस्टमध्येच होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. नुसता भराव टाकून रस्ता उंच केला की रस्ता वाचतो, पण वरच्या अंगाची गावे आणि ऊस पाण्यात राहतो.

रस्त्याखालून पाणी जाण्याच्या मोऱ्यांचा हिशेबही इथेच चुकण्याची शक्यता असते. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान म्हणून मोरी लहान, हे गणित साध्या ओढ्याला बरोबर आहे. परंतु नृसिंहवाडीला कृष्णा भरून वाहू लागली की पंचगंगेला उतार मिळत नाही, फुगवटा मागे सरकतो आणि ओढ्यातून पाणी उलटे चढून शिवारभर पसरते. हे पसरलेले पाणी ओसरताना त्याला एका नळाच्या मोरीतून जायला लावले तर जे दोन दिवसांत उतरायचे ते आठवडाभर तुंबेल. म्हणून ‘भराव नको, कमानी द्या’, म्हणजे खालून पाणी मोकळे जाईल असा रस्ता द्या, ही आपल्याकडची मागणी भावनेची नसून जलशास्त्राचीच आहे, फक्त ती आकड्यांत मांडावी लागते.

एका सुनावणीत एका वयस्कर शेतकऱ्याने दूध संस्थेच्या भिंतीवरची २०१९ ची रेघ फोटोत दाखवली. सल्लागार कंपनीच्या अभियंत्याने शांतपणे विचारले, ‘ही उंची कशापासून मोजली?’ उत्तर कोणाकडेच नव्हते आणि मुद्दा तिथेच बारगळला. मी शेजारीच होतो, मलाही सुचले नाही. पुढे एका गवंड्याने तोड दाखवली. सर्व्हेवाले जुन्या मोरीच्या कठड्यावर किंवा दगडावर लाल रंगाने तलांक, म्हणजे त्या जागेची मोजलेली उंची, लिहून ठेवतात. तिथून गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी टप्प्याटप्प्याने भिंतीपर्यंत आणायची आणि पुराची रेघ तिच्या किती वर आहे ते टेपने मोजायचे. चार माणसे आणि एक सकाळ एवढाच खर्च. मग निवेदनात ‘गट नंबर अमुक, मोरीवरील खुणेच्या चार फूट दोन इंच वर, पाणी नऊ दिवस’ असे लिहिता येते आणि त्या वाक्याला बगल देणे कठीण जाते.

नोटीस आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस असतात. त्या काळात मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय इथे पाहायला मिळतो. सारांश मराठीत असतो, पण मोऱ्यांची यादी बहुधा इंग्रजी परिशिष्टात असते. गावातला स्थापत्यचा एखादा विद्यार्थी सोबत न्यावा. यादीतल्या साखळी क्रमांकांशी (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतराशी) आपले ओढे आणि पाणंदी जुळवून पाहाव्यात. हमखास एखादा ओढा सुटलेला सापडतो.

निवेदन लेखीच द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही आणि तिथे मतदानही होत नाही, त्यामुळे दोनशे माणसांच्या घोषणांपेक्षा सात-आठ नेमके मुद्दे अधिक वजनदार ठरतात, कारण उपस्थित झालेल्या प्रत्येक महत्त्वाच्या पर्यावरणीय मुद्द्याला अंतिम अहवालात प्रकल्पधारकाने उत्तर देणे अपेक्षित आहे आणि तज्ज्ञ समिती ते तपासते. ग्रामपंचायतीचा ठराव सोबत जोडला तर उत्तम.

आणि जेवणाची वेळ झाली म्हणून उठू नका. झालेल्या मुद्द्यांचे टिपण शेवटी मराठीत वाचून दाखवले जाते. आपला तलांक किंवा गट नंबर त्यात चुकला अथवा गळला असेल तर तो दुरुस्त करून घेण्याची वेळ तीच असते, आणि तोवर सभागृहात बहुधा पहिल्या दोन रांगाच उरलेल्या असतात.